शनिवारचं सारवण

लढाईच्या दिवसांत कडावजवळच्या एका गावात मी एकटाच मास्तर होतो. शाळा म्हणजे एक खोली आणि पुढे पडवी. डोंगराकडच्या वाडीवरून एका कातकरणीनं आपली मुलगी स्वतः आणून शाळेत घातली. ती आत बसलेली गावाला चालेना, म्हणून ती पडवीत बसे. पावसाची झड आली की पाटी पोटाशी धरून भिंतीला चिकटे. मी आतून शिकवायचो, त्यातलं निम्मं तिच्यापर्यंत पोचायचं. मला त्याचं काही वाटत नसे. पहिले आठ दिवस वाटलं असेल.

शाळेची जमीन शेणाची. दर शनिवारी मुली पाळीनं सारवत, आणि जिची पाळी झाली तिनं सोमवारी पुढच्या रांगेत बसायचं, असा रिवाज मीच पाडला होता. मनात आलं, हिलाही पाळी द्यावी. म्हणजे ती आपोआप आत येईल, गावाशी भांडायला नको. भांडणाला मी पहिल्यापासून घाबरायचो. पण तेव्हा मी त्याला हुशारी समजलो आणि स्वतःवरच खूश झालो.

तिनं सारवलं सुरेख. कुणी हरकत घेतली नाही. सोमवारी ती पुढच्या रांगेत येऊन बसली, तशा दोघीतिघी उठून उभ्या राहिल्या.

“तिची कुटली पाळी, गुरुजी?” त्यातली एक म्हणाली. “आमच्या खळ्याला बी हिचीच आय सारवते. म्हणून ती काय आमच्या घरात बसते?”

मी हजेरीचं पुस्तक उघडलं. मुलीनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ती पडवीत गेली. पुढच्या शनिवारी बाकीच्यांनी शेणाचं घमेलं तिच्यापुढे सरकवलं, आणि मग दर शनिवारी तेच. मी बघत होतो. राग आला नाही, लाजही वाटली नाही. पायाला मुंग्या आल्यावर चिमटा कळत नाही, तसं माझं झालं होतं.

दिवाळीनंतर तिची आई आली आणि पायरीखालीच उभी राहिली.

“गुरुजी, पोर मी सारवाया नाय धाडली. लिवाया धाडलीय.”

“हो,” मी म्हणालो.

आता ही मुलीचं शाळेतून नाव काढणार, असं मला वाटलं. खरं सांगतो, सुटल्यासारखं वाटलं.

“सारवाया मी येते,” ती म्हणाली. “दर शनवारी. मला काय बी देऊ नका. पोरीला तेवढी आत बसवा.”

“बघू,” मी म्हणालो.

शनिवारी भाताच्या झोडणीचं काम सोडून ती आली, सारवून गेली. सोमवारी मुलगी पडवीतच बसली आणि मी हजेरी घेतली. वर्ष संपेपर्यंत त्या बाईनं एकही शनिवार चुकवला नाही.