कोपरा फाटलेलं पत्र

दशरथ वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला तेव्हा मी सातवीला भूमिती शिकवत होतो. दशरथ आमच्या घरचा सालदार, वीस-बावीस वर्षं आमच्याच शेतावर राबलेला. आंबागडहून तुमसरला पहिल्या गाडीनं आला होता. डोक्याचा दुपट्टा काढून त्यानं हातात धरला होता. खडू ठेवून मी बाहेर गेलो, तर माझ्याकडं न पाहताच तो म्हणाला, "मास्तर... आता खरंच गेले जी दादा."

दुसऱ्या कोणाला ते 'आता खरंच' विचित्र वाटलं असतं. मला वाटलं नाही, कारण दहा वर्षांपूर्वी माझा भाऊ एकदा खोटाच गेला होता आणि ती बातमीही दशरथच्याच हातून घरी पोचली होती. त्या खोट्या बातमीत दोष माझा होता. हे वाक्य कागदावर उतरायला मला दहा वर्षं लागली... दादाला जाऊन आता दीड महिना झाला. थोरल्या भावाबद्दल वर्तमानपत्राच्या पुरवणीत चार शब्द लिहा म्हणणाऱ्यांना त्याचे गुण हवे असतील. त्याचे गुण माझ्या या चुकीतूनच जास्त कळतील, म्हणून तीच सांगतो.

दादा माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. गावासाठी शामराव. वडील लवकर गेले तेव्हा नागपूरचं वसतिगृह सोडून तो परत आला, धानाची शेती अंगावर घेतली आणि मला मात्र मास्तर होईपर्यंत शिकवलं. लहानपणी त्याला सांध्यांचा ताप आला होता. तो ताप हृदयावर बसलाय हे पस्तिशी उलटल्यावर कळलं. धानाच्या रोवण्याच्या दिवसांत शेताच्या धुऱ्यावरून चालताना तो मधेच थांबायचा आणि समोरच्या बांधीकडं असा टक लावून पाहायचा की बघणाऱ्याला वाटावं, पिकाची पाहणी चाललीय. खरं तर त्याला दम लागलेला असायचा. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाची झडप निकामी झाली आहे, बदलल्याशिवाय इलाज नाही. वसतिगृहातला त्याचा जोडीदार वसंता तेव्हा लंडनला डॉक्टर होता. त्याचं पत्र आलं, इकडं ये, इस्पितळाचं आणि राहण्याचं मी बघतो. मायनं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "इतक्या दूर, परक्या मानसाइच्या हाती छाती फाडाले जाशीन का रे तू?" दादा म्हणाला, "घरी राहून तरी काय होनार हाय, माय?"

आणीबाणी उठली त्या वर्षीचा हिवाळा होता. धान घरात आलं आणि दादा निघाला. त्यानं आयुष्यात पहिल्यांदा कोट शिवला होता, आणि तो त्याला इतका ढगळ होत होता की नागपूर स्टेशनवर मला हसू आवरेना. पिशवीत वसंतासाठी चिन्नोर तांदूळ होता. गावाला टपाल कधी पोचेल याचा भरवसा नव्हता, म्हणून पत्रं माझ्या शाळेच्या पत्त्यावर टाकायचं ठरलं. वहिनी शाळेत गेलेली नव्हती. पत्र आलं की शनिवारी सायकलनं गावी जायचं आणि मायला, वहिनीला ते वाचून दाखवायचं, हे माझं काम.

पहिली दोन पत्रं आली. ते निळं विमानपत्र मी तोवर पाहिलंच नव्हतं. आत लिहायचं, घडी घालायची आणि तिन्ही बाजू डिंकानं चिकटवायच्या; कागद आणि पाकीट एकच. दोन्ही पत्रं आमच्या मुख्याध्यापकांनी चाकूनं अलगद उघडून दिली. दुसऱ्या पत्रात ऑपरेशन येत्या आठवड्यात असल्याचं होतं, आणि त्यानंतर तीन आठवडे काहीच आलं नाही. घरात कोणी दादाचं नाव काढेना. वहिनी कामं करायची आणि मला पाहिलं की नजर आधी माझ्या हाताकडं जायची.

तिसरं पत्र आलं ते दुपारी तीनच्या सुमारास, शाळेत. चाकू शोधायला कोणाला सवड होती! मी बोट घालून ओढलं आणि वरचा एक कोपरा निघून हातात आला. तो तसाच सदऱ्याच्या खिशात कोंबला आणि पत्र उघडलं. अक्षर कापरं, ओळी मोजून पाच. ऑपरेशन झालं. झडप बदलली. आज दहा पावलं चाललो. नामदेव, मायला सांग, वसंताच्या घरून चिन्नोरचा भात आला होता, दोन घास खाल्ले... मी कॉमनरूममध्ये पोरासारखा रडलो. शाळा सुटायला दोन तास होते आणि मला तर वाटत होतं, ही बातमी या क्षणी घरी पोचली पाहिजे. साडेतीनची एस.टी. शाळेच्या फाटकावरूनच जायची. आमच्याकडं डबे, औषधं, चिठ्ठ्या सगळं कंडक्टरच्या हाती जातं. मी पळत गेलो, हात केला, गाडी जरा हळू झाली आणि खिडकीतून पत्र दिलं. "आमच्या घरी द्या!" एवढंच ओरडलो. गाडी निघून गेली. मी पेढे आणायचं मनात ठरवत वर्गावर परतलो.

आमच्या भागात मरणाचं पत्र असेल तर त्याचा कोपरा फाडून पाठवतात. असं पत्र उंबऱ्याच्या आत घेत नाहीत. बाहेरच वाचायचं, फाडून टाकायचं आणि आंघोळीला जायचं. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मला नव्हतं का? होतं. पण मी आतला मजकूर वाचला होता. माझ्या लेखी ते जगातलं सर्वांत शुभ पत्र होतं, त्याच्या कोपऱ्याकडं मी पाहिलंच नाही.

पुढचं मी पाहिलेलं नाही, तुकड्यातुकड्यांनी ऐकलेलं आहे. कंडक्टरनं थांब्यावर दशरथच्या हाती पत्र दिलं ते टोपी काढून. दशरथ ते घेऊन कुंपणाच्या बाहेरच उभा राहिला, आत पाय टाकेना. माय अंगणात तांदूळ पाखडत होती. तिनं त्याच्या हातातला निळा कागद पाहिला, त्याचा कोपरा पाहिला, आणि सूप तिच्या हातून पडलं. शेजारणी धावल्या. गावचे मास्तर रजेवर होते, पण वाचता येणारी आणखी दोन माणसं गावात होती. त्यांना बोलवावं असं कोणालाच वाटलं नाही. कोपरा फाटलेलं पत्र वाचायचं काय असतं? मायनं वहिनीचा डावा हात ओढला आणि हंबरडा फोडत त्या हातातल्या बांगड्या जात्यावर आपटून फोडल्या. उजवा हात धरायला गेली, तर वहिनीनं तो पाठीमागं नेला.

"दशरथ, ते इकडं आना," ती म्हणाली.

"आत कसं आनू जी, वहिनी?"

"मंग मी येतो तिथं."

ती कुंपणापाशी गेली. डाव्या मनगटातून रक्त येत होतं. कागदाला हात न लावता तिनं बराच वेळ पत्त्याकडं पाहिलं. दरवर्षी बियाण्याच्या पोत्यांवर दादा डांबरानं धानाचं नाव लिहायचा, ती पोती हिनं वर्षानुवर्षं उचलून ठेवली होती. ती म्हणाली, "हे त्यायच्या हातचं हाय. अक्षराले अशी शेपटी तेच काढतेत." बायकांना वाटलं, हिचं डोकं फिरलं. कोणीतरी तिला धरायला गेली. तेव्हा ती ओरडली, "मेलेला मानूस आपल्या मरनाची चिठ्ठी आपनच लिहिते का?" आणि उजवा हात पाठीशी घट्ट धरून ती तिथंच कुंपणाला टेकून बसली. तासभर कोणालाही तिनं जवळ येऊ दिलं नाही.

मी पेढ्यांचा पुडा घेऊन सायकलनं आलो तो रडणं रस्त्यावरच ऐकू आलं. पहिला विचार मनात आला तो हा, की पत्रामागून तार आली. दशरथनं पत्र पुढं केलं तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी ते कुंपणाबाहेर उभं राहून मोठ्यानं वाचलं, दोनदा वाचलं. वहिनीनं ऐकलं, पदर तोंडाला लावला आणि आत निघून गेली. माय मात्र हसली नाही की रडली नाही. ती जात्यापाशी पडलेल्या काचा पाहत होती. "जित्या पोराच्या बायकोच्या बांगड्या फोडल्या म्या," ती म्हणाली. मग कोणीतरी विचारलं, "पन कोपरा कोनं फाडला जी, मास्तर?"

सगळ्या बायका माझ्याकडं पाहत होत्या. मी म्हणालो, "पोस्टात फाटला असेल."

एवढंच. पुढं त्यात मी काही भर घातली नाही, आणि कमीही केलं नाही. त्या दिवसापासून मायनं भात सोडला. धानाच्या मुलखात भात सोडणं म्हणजे जेवणच सोडण्यासारखं. सगळ्यांनी समजावलं, शामराव सुखरूप आहे, आता घरी येईल. ती म्हणायची, "आला तरी नाई खानार. पाप माह्या हातचं हाय." दर शनिवारी मी गावी जायचो, तिच्यासमोर बसून भात खायचो आणि ती ज्वारीची भाकर पाण्यात बुडवून चघळायची. दर शनिवारी ठरवायचो, आज सांगायचं. शाळेत खोटं बोलणाऱ्या पोरांच्या हातावर मी छडी मारत होतो, त्याच दिवसांत.

होळीच्या आधी दादा परतला. वाळून काटकी झाला होता आणि छातीवर गळ्यापासून खाली एक लांब व्रण होता. नवी झडप धातूची होती, शांत बसलं की आतून टिकटिक ऐकू यायची. मायनं कान लावून ऐकलं आणि विचारलं, "घड्याळ बसवलं का रे?" रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या त्याला जन्मभर घ्यायच्या होत्या, त्यामुळं विळा हातात धरायला बंदी. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही जेवायला बसलो. मायच्या ताटात भाकर पाहून दादानं वहिनीकडं पाहिलं, पण विचारलं काहीच नाही. रात्रीच त्याला सगळं कळलं असावं. तो मायला म्हणाला, "माय, तो कोपरा माह्याच हातानं फाटला. इस्पितळात पत्र चिकटवून राहिलो होतो, हात कापत होता. तुही चूक नाई, माही हाय." आणि आपल्या ताटातला भात उचलून त्यानं तिच्या ताटात घातला. माय त्याच्याकडं पाहत राहिली. मग तिनं घास घेतला.

माझा घास तोंडातच राहिला. दादा खोटं बोलतोय हे त्या पंगतीत एकट्या मला ठाऊक होतं, असं मी समजत होतो. मायला जेवू घालायला तो हे बोलला, आता मधे आपण कशाला बोला, अशी मी स्वतःची समजूत घातली. किती सोयीची समजूत! त्यानंतर माय चार वर्षं जगली, शेवटपर्यंत भात खात होती. गावात कोणाची छाती दुखली की तो माणूस डॉक्टरच्या आधी दादाकडं यायचा. दादा सदऱ्याची बटणं काढून व्रण दाखवायचा, "हे पाह्य, मी जित्ता हावो ना?" म्हणायचा आणि त्याला स्वतः घेऊन नागपूरला जायचा. असे किती जण त्यानं नेले ते मलाही सांगता यायचं नाही. स्वतः मात्र यंदा भादव्यात, सकाळी दात घासता घासता अंगणात कोसळला आणि गेला.

दिवाळीत घरी दिवा लावायचा नव्हता, तरी मी गावी गेलो. दुपारी वहिनी ओट्यावर बसली होती. माय नाही, दादा नाही. मला वाटलं, निदान हिला तरी सांगावं. मी म्हणालो, "वहिनी, तो कोपरा मी फाडला होता."

"मले मालूम हाय, भाऊजी," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी तुमचा सदरा धुवाले घेतला, खिशात सापडला. ते आले त्या दिवशीच त्यायच्या हाती देल्ला."

मी विचारलं, "मंग दादा मले बोलला काहून नाई?"

"मी बी तेच म्हनलं. तर म्हनत, मी इचारलं तर तो मान खाली घालून हो म्हनन. आपून होऊन सांगन तवाच मोकळा होईन." ती पुढं म्हणाली, "दर दिवाळीले म्हनत, नामदेव यंदा सांगते वाटते."

दर दिवाळीच्या पाडव्याला जेवणं झाली की दादा मला घेऊन बोडीवर, शेतालगतच्या लहान तळ्यावर, जायचा. पोरं मागं लागली तर त्यांना परत पिटाळायचा. पाळीवर आम्ही दोघंच बसायचो. तो काही बोलायचा नाही. मीच बडबडत असायचो, बदलीचं, मुख्याध्यापकांचं, नव्या अभ्यासक्रमाचं, तो मान हलवत पाण्याकडं पाहत राहायचा आणि दिवस कलला की म्हणायचा, "चाल, उशीर झाला." नऊ दिवाळ्या आम्ही असे बसलो. मला वाटायचं, दादाला बोडीवरचं वारं आवडतं.

यंदा पाडव्याला एकटाच जाऊन बसलो. पलीकडच्या बांध्यांमध्ये धान पिवळं झालं होतं. आजूबाजूला कोणी नाही असं पाहून मी मोठ्यानं म्हणालो, "दादा, मीच फाडला होता." म्हणायला दोन क्षणही लागले नाहीत.