बाबांचा एक डोळा आणि क्रूझचं बटन

मागच्या महिन्यात बाबांना अकोल्याच्या दवाखान्यातून घरी, अमरावतीला आणलं. दोन तासांचा रस्ता... पण जन्मात विसरणार नाही.

बाबांचा डावा डोळा काचबिंदूने केव्हाच गेला. उजव्या डोळ्याचा पडदा सरकला म्हणून ऑपरेशन झालं, पडदा दाबून धरायला आत गॅस भरला. डॉक्टरांनी निघताना बजावलं, मान सतत खाली आणि धक्का अजिबात नको. हा डोळा गेला तर दुसरा शिल्लक नाही, हे कुणी सांगायची गरजच नव्हती.

आमची गाडी इलेक्ट्रिक, घेऊन जेमतेम दोन महिने झालेले. नवऱ्याची परीक्षेची ड्यूटी, म्हणून चालवायला मीच. मागे बाबा बेल्ट लावून, मांडीवर दोन उशा, त्यात तोंड खुपसून बसलेले. बाजूला आई, त्यांच्या खांद्याला धरून.

अकोला सोडलं आणि ऐंशीवर क्रूझ लावलं, म्हणजे पेडल न दाबता गाडी आपोआप त्याच वेगाने चालते. पाय खाली ठेवला. गाडी अशी एकसारखी चालली होती की म्हटलं, चला, जमलं बुवा!

बोरगाव मंजूच्या पुढे समोर एक ट्रक रखडत चाललेला दिसला, म्हणून क्रूझ सोडायचं बटन दाबलं. झालं!... जुन्या डिझेल गाडीत हीच सवय होती. बटन दाबलं की ती आपली वाहत राहायची, सावकाश मंदावायची. ही बया तशी नाही. हिच्या पेडलवर पाय नसला की मोटर बॅटरी भरायला लागते आणि गाडीला मागे खेचते. त्यात नवऱ्याने चार्जिंग वाचावं म्हणून ते खेचणं फुल करून ठेवलेलं. आणि माझा पाय कुठे? चटईवर!

बाबांचं डोकं उशांसकट घसरून माझ्या सीटवर आदळलं. मला ते पाठीत जाणवलं. आई किंचाळली, "माय वं!"

"काहून झटका देतं वं?" बाबांनी विचारलं. साध्या आवाजात. आणि मी काय केलं? ज्यांच्यासाठी जीव टांगणीला लागला होता त्यांच्यावरच खेकसले... मी काय मुद्दाम केलं का, तुम्ही गप्प बसा, मान खाली ठेवा! आता आठवलं तरी स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

पुढे क्रूझशिवाय चालवायला गेले तर आणखीच वाईट. पाय लटलट कापत होता आणि पाय हलला की गाडी मागेपुढे डोलायची. शेवटी एका धाब्यापाशी थांबवली. ते खेचणं कमी करता येतं म्हणतात, पण कुठून ते कुणास ठाऊक! नवऱ्याचा फोन बंद. दहा मिनिटं स्क्रीन चिवडली... एसी सापडला, रेडिओ सापडला, ते काही सापडलं नाही.

बाबांनी उभं आयुष्य वरूडहून संत्र्याचा ट्रक चालवला आहे. उशीतूनच विचारलं, गाडीनं नेमकं काय केलं? मी चिडचिड करतच सांगितलं.

"हे त इंजिन ब्रेकावानीच झालं," बाबा म्हणाले. "उतारावर खालचा गिअर टाकाच्या पहिले थोडी रेस द्या लागते. नाही त ट्रक झटका खाते अन् खालच्या थरातली संत्री पिचकतात. तू बटन दाबाच्या पहिले गाडी पायात घे. जराशी पुढं सरकल्यावानी वाटली का मंग दाब. अन् पाय एकदम सोडू नको, उतरव त्याले... हळूहळू."

मी निघाले. पुन्हा ऐंशी, पुन्हा क्रूझ. पण आता नजर रस्त्यावर आणि जीव त्या बटनात.

मूर्तिजापूरच्या अलीकडे दुभाजकाच्या कटमधून एक ट्रॅक्टर वळला, मागे कापसाने गच्च भरलेली ट्रॉली. माझ्या मागे ट्रॅव्हल्सची बस चिकटलेली. अंतर होतं... पण फार नाही.

पाय पेडलवर ठेवला, दाबत गेले. ऐंशीचे एक्क्याऐंशी झाले... दाबलं बटन.

झटका नाही, काही नाही! गाडी तशीच, आता माझ्या पायावर. मग पाय जरा जरा करत वर घेत गेले. साठ... पन्नास... तीस. ट्रॅक्टर आपल्या चालीने ओलांडून गेला. मागची बसही शहाण्यासारखी हळू झाली.

मागून मात्र आवाज नाही. ना आई, ना बाबा. "बाबा?" मी हाक मारली.

"आं? आलं का घर?" झोपले होते हो... दोघंही!

मला रडूच फुटलं. हसतही होते आणि रडतही होते. बडनेरा येईपर्यंत नाक पुसत चालवलं आणि घरी पोचल्या पोचल्या बाबांची माफी मागितली. ते म्हणाले, कायची माफी?

परवा पुन्हा तपासणीला अकोल्याला गेलो. पडदा जागेवर बसला आहे, डॉक्टर म्हणाले. गॅसही विरला, आता नीट दिसतंय. येताना बाबा हट्टाने पुढे बसले. मी म्हटलं, घ्या आता पोटभर बघून... शेतं, आभाळ, काय हवं ते.

पण त्यांनी बाहेर पाहिलंच नाही. घर येईपर्यंत सगळा वेळ माझ्या पायाकडे नजर. प्रत्येक वेळी क्रूझ सोडलं की नुसती मान हलवायचे.

एरवी मला असं कुणी चालवताना तपासलेलं खपत नाही. यावेळी म्हटलं, बघू द्या... बघताहेत ना!