ऊनपाऊस गुप्त होता तेव्हा

लढाईत गुप्त काय असतं? तुम्ही म्हणाल तोफा, दारूगोळा. अहो, आमच्या वेळी ऊनपाऊससुद्धा गुप्त होता! पेपरात हवामान नाही, रेडिओवर नाही. आपल्याकडे वादळ येतंय हे शत्रूला कळलं तर त्याला आयतंच फावेल, असा सरकारचा हिशेब. दुसरं महायुद्ध चालू होतं. आमचा वायरलेस सेक्शन लोणावळ्याला तंबू ठोकून होता. मी हवालदार. सेटवर माझ्या जोडीला नाईक उस्मान तांबोळी. मी कान्ह्याचा, तो कामशेतच्या बाजारपेठेतला, म्हणजे शेजारचाच. "कान्ह्याची माणसं मीठ न्यायला आमच्याकडं येतात आणि अक्कलही तिथूनच नेतात," असं तो सगळ्या सेक्शनला सांगायचा. बोलणं असं तिखट, पण सेटवर हात मोठा स्वच्छ. त्यानं घेतलेल्या मेसेजमध्ये एक अक्षर इकडचं तिकडे होत नसे.

काम रोजचंच. पहाटे पीटी, मग फॉल-इन, मग पाळीपाळीनं सेटची ड्यूटी. फ्रंटवर जायला मिळत नाही म्हणून आम्ही कुरकुरायचो.

दिवाळी होऊन गेली होती. आभाळ धुतल्यासारखं. भात कापून खाचरांत वाळत पडलेलं. सकाळच्या चहाच्या वेळी मेसेज आला. उस्माननं तो उतरवून घेतला, एकदा वाचला आणि हातातला चहाचा मग खाली ठेवला. समुद्रातलं वादळ किनाऱ्याकडे वळलं होतं. संध्याकाळपर्यंत घाटमाथ्यावर मुसळधार पाऊस. तंबू आवळा, गाड्या उंचावर न्या. खाली शेवटची ओळ: फक्त लष्करासाठी.

आम्ही दोघे सुभेदारसाहेबांपुढे उभे राहिलो. साहेब साताऱ्याकडचे, शेतकऱ्याच्याच घरचे.

"साहेब, नदीकाठच्या वाड्यांना सांगायला हवं," मी म्हणालो.

"हवामानाचा शब्द बाहेर गेला तर कोर्टमार्शल. तुझं आणि माझंही."

"लोक मरतील साहेब."

"का मरतील? पाऊस आला की घरात बसतील."

तेव्हा उस्मान बोलला. "न्हाई साहेब. कापलेलं भात भिजताना बघून मावळातला माणूस घरात पळत न्हाई, खाचरात पळतो. खाचरं हायत नदीला लागून."

साहेबांनी मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "भात उचलायला तर मनाई नाही ना? आज पीटी मैदानात नाही. सेक्शन ओझं वाहायची प्रॅक्टिस करेल. ट्रक घ्या, दोर घ्या. वादळ हा शब्द कुणी उच्चारला तर माझ्याशी गाठ आहे."

असा साहेब मिळायला नशीब लागतं. हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो.

भाजे गावाच्या खालच्या अंगाला इंद्रायणीच्या काठी एक वाडी होती. तिथं पोचून आम्ही म्हणालो, भात आजच्या आज घरी न्या, आम्ही वाहतो. लोक हसायला लागले. "आरं, अजून वाळायचंय! सरकारला आमच्या भाताचा येवढा पुळका कुटनं आला?" एकानं तर तोंडावर सांगितलं, पलटणीला भात पळवायचंय. त्यात आभाळात ढगाचा ठिपका नाही. कारण सांगता येईना. माझा जीव नुसता तडफडत होता.

बांधावर वाडीतल्या सरजामावशी उभ्या होत्या. त्यांचा मुलगा आमच्यासारखाच शिपाई, ब्रह्मदेशाच्या बाजूला गेलेला. त्यांनी मला जवळ बोलावलं.

"तू कान्ह्याचा न्हवं? का उचलायचं, सांग."

"सांगता येत न्हाई मावशी."

"येत न्हाई का द्यायचं न्हाई?"

मी मान खाली घातली. मावशी माझ्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझा विठू जाताना असाच गप झालता. कुटं चाललास, इचारलं, तर म्हनला, आई, कौलं शाकारून घे. शिपाई गप झाला की समजायचं, कायतरी येतंया." पदर खोचून त्या खाचरात उतरल्या आणि पहिला भारा स्वतः बांधला. "बगताय काय रं? उचला!"

मावशींनी भारा उचलला आणि वाडी हलली. दुपारपर्यंत आमचे जवान आणि वाडीची माणसं खांद्याला खांदा लावून भात वाहत होती. उस्मान डोक्यावर भारा घेऊन ओरडायचा, "कान्हेकर, वाकू नका, पगार मिळतो!" गुरं वरच्या माळावर नेली. दुपार कलली तसं आभाळ काळं झालं, वारा सुटला आणि पाऊस असा कोसळला की समोरचा माणूस दिसेना. पण खाचरांत कुणी नव्हतं.

ट्रकमधल्या सेटवर साहेबांचा आवाज आला. "सगळी माणसं अलीकडे? ओव्हर."

मावशींनी नुकतंच सांगितलं होतं. त्यांचे मालक म्हातारे आबा आणि सून असे दोघं नदीपलीकडच्या खळ्यावर राहिलेल्या भाऱ्यांसाठी गेले होते आणि तिथंच अडकले.

"दोघं पलीकडे. पाणी चढतंय. ओव्हर."

सेट खरखरला. मग, "आणा. ओव्हर."

"मी जातो," उस्मान म्हणाला. "ही नदी आमच्या दारावरनं जाते. वळखीची हाय." दोराचं एक टोक करंजाच्या झाडाला, दुसरं त्याच्या कमरेला. पहिल्या खेपेला सुनेला आणलं. दुसऱ्या खेपेला आबा. आबांच्या हातात जोर नव्हता. अर्ध्या पाण्यात उस्माननं कमरेचा दोर सोडला, आबांना बांधला आणि स्वतः नुसत्या हातानं धरला. आम्ही जिवाच्या आकांतानं ओढत होतो. आबांचा हात माझ्या हातात आला तेवढ्यात वरच्या अंगानं एक ओंडका वाहत आला. आबा काठावर होते. उस्मान नव्हता.

सेटवर पुन्हा साहेब. "सगळी अलीकडे?"

"गावची सगळी, साहेब. आपला एक नाही."

दुसऱ्या दिवशी नदीनं त्याला कामशेतलाच दिलं. पलटणीनं सलामी दिली. सुभेदारसाहेब तोंड फिरवून उभे होते, आणि मी रडलो, त्यात लाज कसली? कागदावर लिहिलं गेलं, ड्यूटीवर असताना अपघात. त्याच्या आईला याहून जास्त सांगायची मला परवानगी नव्हती.

आता रेडिओवर इशारे देतात आणि तुम्ही बटण फिरवून गाणी लावता! असाच इशारा लोकांपर्यंत पोचवायला एके काळी माणसाला ओझं वाहावं लागलं होतं, एवढं ध्यानात ठेवा. वादळाचा शब्द कानावर पडला की गुरंढोरं, धान्य आधी हलवा. म्हणजे ऐन पाण्यात त्यांच्यामागे धावायची पाळी येत नाही.

लढाई संपली तसा मी कामशेतला गेलो. उस्मानची आई दुकानात सुपारी कातरत होती.

"ये बाबा," ती म्हणाली. "लोक म्हणतात, पोराला अंदाज आला नाही. अचानक लोंढ्यात सापडला."

"नाही अम्मा," मी म्हणालो, आणि सगळं सांगितलं. मेसेज, भात, दोर.

अडकित्ता थांबला. "म्हणजे त्याला सकाळपास्नं ठाऊक होतं?"

"व्हय. मेसेज त्यानंच घेतला होता."

"पाणी येणार ठाऊक होतं, आन् तरी उतरला?"

"दोनदा उतरला, अम्मा."

तिनं डोळे पुसले. मग पदर सावरून ताठ बसली. "मग सापडला नाही माझा पोरगा. जाणून गेला," ती म्हणाली. "जा, शेजारणीला बोलाव. तिच्यासमोर परत सांग."

मी परत सांगितलं. तेव्हापासून सांगतोच आहे.