मालिकेतला किल्लीवाला आणि आमचा

मंगळवार, ५ मार्च. सकाळी पाण्याला दाब नव्हता. धोबी चादरी देऊन गेला. उशीचा एक अभ्रा आपला नव्हे, परत करणे. संध्याकाळी मालिकेचा शेवटचा भाग. खुनी किल्लीवाला निघाला. सर्वांच्या मते भिकार. आमचे किल्लीवाले अर्धा चहा टाकून गेले.

जिन्याखाली त्यांचं दुकान. दुकान म्हणजे एक टेबल, किल्ल्या कापायचं यंत्र आणि मागे खिळे ठोकलेली फळी. इमारतीतल्या बहुतेक घरांची एकेक जादा किल्ली त्या फळीवर असे. कुणाचं दार वाऱ्याने लागायचं, कुणी गावाला जाताना झाडांना पाणी घालायला सांगून जायचं. माझीही किल्ली तिथेच. हे गेल्यापासून मी एकटी, तेव्हा तिचा आधार वाटे. माणूस पन्नाशी ओलांडलेला, एकटा, अबोल. नाद एकच, ती गुप्तहेर मालिका. दर मंगळवारी ते माझ्याकडे बघायला येत. वरच्या मजल्यावरून माझ्या मोठ्या जाऊबाई येत आणि शेजारचे बँकवाले.

मालिका सुरुवातीला खरंच चांगली होती. इन्स्पेक्टर खोलीत शिरला की आधी गप्प उभा राही आणि आपणही त्याच्याबरोबर खोली निरखत असू. आता तो नुसता धावतो, फोनवर ओरडतो आणि मागे ढोल बडवतात. बँकवाल्यांच्या मते लेखक बदललाय. जाऊबाईंच्या मते लेखक तोच, डोकं आटलंय. किल्लीवाल्यांची तक्रार निराळी होती. खुनी पहिल्या भागापासून समोर वावरलेला असावा, नाहीतर आपण इतके दिवस कशाला बघत बसलो, असं ते म्हणत.

आणि त्या मंगळवारी शेवटच्या पाच मिनिटांत कुठूनसा एक म्हातारा किल्लीवाला उपटला. म्हणे, गावभरच्या किल्ल्यांच्या चोरून नकला करून ठेवल्या होत्या. आम्ही हसलो. "काहीही दाखवतात मेले," जाऊबाई म्हणाल्या. मग मान वळवून, हसू तसंच ठेवून त्यांनी विचारलं, "आमच्या किती करून ठेवल्यात हो तुम्ही?"

किल्लीवाल्यांनी कप खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी बँकवाले पाहुणे यायचेत असं सांगून आपली किल्ली घेऊन आले. मग कुणाला रंगकाम निघालं, कुणाचा भाचा राहायला येणार होता. जिन्यात मालिकेला नावं ठेवायची आणि तसंच खाली जाऊन किल्ली मागायची. शुक्रवारी फळीवर माझी एकटीचीच उरली. यंत्राचा आवाजही बंद झाला. लोक कुलपं घेऊन रस्त्यापलीकडे जाऊ लागले.

मी मागायला गेले नाही, पण माझं मन तरी कुठे स्वच्छ होतं? शुक्रवारी बाजारात जाताना मी दाराच्या फटीत दोरा अडकवला. परत आले तो दोरा उंबऱ्याशी पडलेला. काही गेलं नव्हतं. गॅसचं बटण, औषधांचा डबा, सगळं जागच्या जागी. फक्त झोपायच्या खोलीतला रोजनिशीचा कप्पा तिरका लागला होता. मी तो कधी तिरका लावत नाही.

तशीच खाली गेले, दोरा त्यांच्या टेबलावर ठेवला आणि तो कुठे लावला होता, कुठे पडलेला सापडला ते सांगितलं. त्यांनी वळून फळीकडे पाहिलं.

"तुमची किल्ली इथून हललेली नाही, काकू." मग म्हणाले, "पण दुसरी आहे. तुमच्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या वेळी जाऊबाईंनी करून घेतली."

"मला न विचारता?"

"घरच्याच माणसाला काय विचारायचं, असं वाटलं. चुकलं माझं."

मी विचारलं, हे चार दिवस सगळे तुमच्यावर डोळा ठेवून आहेत, तेव्हा का नाही बोललात? ते म्हणाले, "बोललो असतो तर मालिकाच खरी ठरली असती. मालकाला न विचारता किल्ली केली, ती केलीच ना मी?"

वर गेले. जाऊबाई मटार सोलत होत्या. जराही गडबडल्या नाहीत.

"मग? उद्या तू आत पडलीस तर दार कोण फोडणार? येते, गॅस बघते, जाते."

"गॅस स्वयंपाकघरात आहे, जाऊबाई. झोपायच्या खोलीत काय होतं?"

"तुझा पलंग बघितला. बाई झोपते की नाही नीट," असं म्हणत त्यांनी एक किडका दाणा बाजूला केला. त्यातलं गॅसचं मी खरं मानलं.

शनिवारी सकाळी किल्लीवाल्यांना वर बोलावलं आणि नवं कुलूप बसवायला सांगितलं. स्क्रू पिळताना त्यांनी एकदाही मान वर केली नाही. आपला हा इथला शेवटचा फेरा असं धरूनच आले असावेत. आवाज ऐकून बँकवाले दारात आले, जाऊबाई जिन्यावर थांबल्या. कुलपाबरोबर दोन किल्ल्या होत्या. त्यातली एक मी सगळ्यांच्या देखत किल्लीवाल्यांच्या हातात दिली.

"फळीवर लावा. मी सोडून कुणी मागितली तर आधी मला विचारायचं."

"सख्ख्या भावाने मागितली तरी विचारीन," ते म्हणाले. त्यांना किल्ली खिशात घालायला जरा वेळ लागला.

"आणि मला?" जाऊबाईंनी वरून विचारलं.

"तुम्ही बेल वाजवा. मी उघडते."

बँकवाले आत गेले.

शनिवार, ९ मार्च. अभ्रा धोब्याला परत दिला. पुढच्या दाराचं कुलूप बदललं. किल्ल्या दोन. एक पर्समध्ये, एक खाली फळीवर.