अण्णा मगदुमांची फुली

अण्णा मगदुमांच्या शर्टाच्या खिशात पेनाऐवजी लाल खडू असे. पंचवीस वर्षं त्यांनी फौंड्रीत तयार माल तपासला. पोकळी दिसली की फुली, आणि माल परत भट्टीत. अण्णा निवृत्त झाले, खडू झाला नाही. आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा खुर्ची डुगडुगते म्हणून बसायच्या आधीच त्यांनी तिच्या पाठीवर फुली मारली. मग मला विचारलं, "चहाचा कप तरी धड हाय न्हवं?"

दोन हजार चार-पाचच्या सुमाराची गोष्ट. माझे यजमान, अण्णा आणि आणखी चौघे दर रविवारी शाहूवाडीच्या डोंगरवाटांवर सायकली घेऊन जात. निघण्यापूर्वी अण्णा प्रत्येकाचा ब्रेक स्वतः दाबून बघत. त्यांच्या हाताखाली एकालाही साधं खरचटलं नाही, हे मान्य केलंच पाहिजे. याद्या माझ्याकडे: कोण येणार, डबा कुणाचा, कुणाच्या शॉकअपमध्ये किती हवा. या सायकलींचे शॉकअप हवेचे होते. त्यांत हवा थोडी, पण दाब फार. त्यासाठी बारीक नळीचा आणि काट्याचा वेगळा पंप लागतो. सहा जणांत एक घ्यायचं ठरलं. निवड अर्थात अण्णांकडे.

पुण्याहून तीन पंप तपासायला आणले. अण्णांनी नळ्या बोटाला गुंडाळून पाहिल्या, सांध्यांना साबणाचं पाणी लावलं, प्रत्येक काटा खात्रीच्या काट्याशी पाच-पाच वेळा ताडला. एकाची नळी चिरली होती, दुसऱ्याचा काटा दर वेळी निराळं सांगत होता. दोन फुल्या. तिसरा पास.

पंप पास झाला आणि सुभाषचे दिवस फिरले. सुभाष हा आमच्याच गावच्या मंगळवार पेठेतला सायकल मिस्त्री. हवेचे शॉकअप खोलायला तो आपलं आपणच शिकला होता. त्याने अण्णांच्या शॉकअपचं सील बदललं आणि दीडशे पौंड हवा भरून दिली. दुसऱ्या दिवशी अण्णांनी पंप लावून पाहिलं: एकशे चाळीस. तिसऱ्या दिवशी एकशे तीस. आकडे मी वहीत लिहिले. सुभाषने सील पुन्हा बदललं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. दर रविवारी अण्णा त्याला बोलावून सगळ्यांसमोर माझ्या वहीतले आकडे वाचायला लावत. तो अडखळला की म्हणत, "जोरात वाच की. हात न्हाय चालत, तोंड तरी चालू दे." सगळे हसत. मीही हसले आहे.

चौथ्या वेळी अण्णांनी त्याच्या दुकानाच्या शटरवर हातभर फुली काढली. सुभाषने ती पुसली नाही. पेठेतलं गिऱ्हाईक ती बघून पुढच्या दुकानात जाऊ लागलं.

त्यानंतर अण्णा शॉकअपमध्ये स्वतः दीडशे पौंड भरून जयसिंगपूरला एका लग्नाला गेले आणि आठ दिवस राहिले. आल्यावर पंप लावून आकडा सांगितला: एकशे चाळीस. मी लिहिला आणि थांबले. एका दिवसात दहा गेले होते, आठ दिवसांतही दहाच. सील गळत असतं तर आठ दिवसांत शॉकअप बसला असता. म्हणजे हवा गळत नव्हती. पंप जोडला की त्याच्या रिकाम्या नळीत शॉकअपमधली हवा शिरते आणि पंप काढताना फुस्स करून निघून जाते. अण्णा जितक्या वेळा तपासत, तितक्या वेळा स्वतःच दहा पौंड काढून घेत होते.

मी वही घेऊन त्यांच्याकडे गेले. पान त्यांनी दोनदा वाचलं. त्यांना कळलं, हे मला दिसलं. मी म्हटलं, पंपात दोष नाही, सगळ्याच पंपांचं असं होतं. सुभाषला तेवढं सांगा. त्यांनी खडू काढला आणि माझ्या पानावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फुली मारली.

"पंचवीस वर्सांत मारलेली फुली मी पुसली न्हाय, बाई. आता ही बी हाय. सांगा जावा कुणाला सांगायचं ते."

मी कुणालाच सांगितलं नाही. पुढच्या रविवारी फुली असलेली वही सगळ्यांसमोर मला वाचायला लागली असती, म्हणून. ते पान दुमडून मी पुढचं सुरू केलं. महिन्याभरात सुभाषने दुकान बंद केलं आणि एका कारखान्यात पॅकिंगच्या कामाला लागला.

काही वर्षांनी अण्णा वारले. भेटायला गेले तेव्हा मुलाने फोटोपुढे खडू ठेवलेला दिसला. सुभाषही आला होता. फोटोला हात जोडून तो निघाला, तेव्हा दारात चपला घालता घालता मी त्याला आठ दिवसांचा तो आकडा सांगितला. म्हटलं, तुझं सील कधी गळत नव्हतं रे.

ते त्याला पहिल्याच दिवशी ठाऊक होतं. अण्णांना त्याने सांगितलंही होतं. त्यांनी पुरावा मागितला होता.

"मी काय दावणार?" तो म्हणाला. "वही तुमच्याकडं हुती की, वहिनी."