मोटारराव नांदेडकर यांना आलेला फोन

वैजनाथ बिरादार यांनी घरातल्या नव्या टीव्हीच्या रिमोटवर, माइकच्या बारीक भोकावर, काळी चिकटपट्टी लावली आहे. "टीव्ही आपण बघायचा. टीव्हीनं आपल्याला ऐकायचं न्हाई," हे त्यांचं मत.

शिरूर अनंतपाळ तालुक्यातल्या त्यांच्या गावात मतांना तोटा नाही. पण नव्या यंत्राबद्दल ऐकायचं असेल तर लोक सकाळी नागप्पाच्या हॉटेलात येतात, कारण वैजनाथ, म्हणजे गावाचे आप्पा, तिथं बसलेले असतात. मनगटी घड्याळ पावलं मोजतं म्हटल्यावर ते विचारतात, "पावलं मोजून ऊस वाढतो का?" फुकटच्या ॲपला ते घरजावई म्हणतात, खातंय थोडं, पण घरातलं सगळं बाहेर सांगतंय. मात्र फवारणीच्या ड्रोनचा विषय निघाला की हाच माणूस बाकड्यावरून उठून उभा राहतो. चहा निवायच्या आत एकरभर फवारणी! आणि पानाचा फोटो दाखवला की रोगाचं नाव सांगणारं ते एआय! त्यालाही त्यांनी एकच पान दोनदा दाखवून पाहिलं. दोन्ही वेळा उत्तर तेच आलं, तेव्हाच त्यांनी त्याला हुशार मानलं.

त्यांची सगळ्यात लाडकी वस्तू म्हणजे विहिरीवरचा मोबाईल स्टार्टर. त्यात सिमकार्ड असतं. घरी बसून त्या नंबरला रिंग दिली की मोटार चालू, पुन्हा दिली की बंद. दिवाळीला मुलं-सुना आल्या, तेव्हा आप्पांनी हा स्टार्टर सगळ्या नंबरांना खुला केला. कुणाच्याही फोनवरून मोटार चालू व्हायला लागली आणि नातवंडांनी दिवसभर टाळ्या पिटल्या. मुलं परत गेली. स्टार्टर खुलाच राहिला.

मोटारीच्या शेजारी, उताराच्या वाफ्यांत, त्यांच्या बायकोची, विमलची, कोथिंबीर होती. पीक विमलचं, बियाणं तिचं, बाजारही तीच करणार. येळवस, म्हणजे वेळ अमावास्या, चार दिवसांवर आली होती. त्या दिवशी अख्खा लातूर जिल्हा शेतात जेवतो आणि कोथिंबिरीवाचून कुणाची भज्जी, म्हणजे त्या दिवसाची मिसळीची भाजी, शिजत नाही. आदल्या दिवशीच्या बाजारात जुडीला मागेल तो भाव मिळतो. विमलनं त्याच हिशेबानं पेरा केला होता.

आणि आता तिच्या वाफ्यांत घोटाभर पाणी उभं होतं. आठवड्यात दुसऱ्यांदा. कडेची पानं पिवळी पडली होती.

"आवो, मोटार कुणी चालू केली?"

"मी न्हाई."

"मग ती मनानं फिरलाली का? अजून एकदा पाणी साचलं तर मुळं कुजतेत, कळलं का? तुमचं ते यंत्र काढा, न्हाईतर मी टाकते हिरीत."

"दुपारपर्यंत थांब. मी शोधतो."

आप्पांचा चेहरा पडायला हवा होता. तो उलट खुलला. यंत्र आपल्या मनानं चालतं, यापेक्षा सरस विषय त्यांना वर्षभरात मिळाला नव्हता. संशय मात्र त्यांनी जुन्याच पद्धतीनं घेतला, म्हणजे शेजाऱ्यावर. बांधाला बांध लागून रामलिंगचं शेत होतं.

"रामलिंग, खरं सांग. माझ्या मोटारीला फोन लावलालास का?"

"आप्पा, माझी बायको माहेरी गेलीय, तिला लावायला माझ्याकडं बॅलन्स न्हाई. तुमच्या मोटारीला कशाला लावू? ती काय माझ्याशी बोलणार हाय का?"

"पाणी तुझ्याच बाजूला उतरतंय."

"मग माझी ज्वारी बघा की! मीच तुमच्याकडं भांडायला येलालो होतो."

दोघं असे स्टार्टरच्या पेटीसमोर भांडत असतानाच पेटीवरचा हिरवा दिवा लुकलुकला, खट् असा आवाज झाला आणि मोटारीनं पाणी ओढलं. रामलिंगचे दोन्ही हात हवेत होते. आप्पांचा फोन खिशात होता. विमल फावडं टाकून धावत आली आणि तिनं मोटार हातानं बंद केली.

"बघितलं?" रामलिंग म्हणाला. "आता माफी मागा."

"मागतो, मागतो, थांब जरा!" आप्पांनी पेटी उघडली, सिमकार्ड काढलं आणि आपल्या फोनमध्ये घातलं.

फोन थरथरत राहिला. संदेशांवर संदेश. विमलनं तो हातातून घेतला आणि मोठ्यानं वाचू लागली. "मोटारराव, चष्म्यावर घसघशीत सूट. मोटारराव, आमच्या जिमला आज या. मोटारराव, आपल्याला तीन स्थळं आली आहेत." तिनं मान वर केली. "हे मोटारराव कोण?"

आप्पा उत्तर देणार तोच फोन वाजला. त्यांनी आवाज मोठा केला.

"नमस्कार, मोटारराव नांदेडकर बोलताय का?" एका मुलीचा आवाज.

"हाव! हाव! बोला बाई!" आप्पा जागच्या जागी उडाले.

"सर, आपल्याला क्रेडिट कार्ड मंजूर झालंय. सकाळपासून प्रयत्न करतेय, रिंग जाते आणि कट होते. आपण नोकरी करता की व्यवसाय?"

"पाणी उपसतो."

"किती वर्षांपासून?"

"मागं वायंडिंग जळालं होतं, तेव्हापासून बरं चाललंय."

"अरे बाप रे. आता तब्येत कशी आहे, सर?"

रामलिंग पोट धरून बांधावर बसला. विमल हसली नाही.

"तिला हे नाव कुणी सांगितलं?"

मग आप्पांनी सांगितलं, आणि सांगताना त्यांना शब्द पुरेनात. आपला नंबर कुणाला द्यायचा नाही, हे त्यांचं पक्कं धोरण. दुकानदार नंबरासाठी फारच मागं लागले तर ते मोटारीचा नंबर देत. करू दे म्हणत मोटारीला फोन. आणि नंबर कुठून फुटतो ते कळावं म्हणून प्रत्येक ठिकाणी आडनाव वेगळं. चष्म्याच्या दुकानात मोटारराव चष्मेकर. जिममध्ये चौकशीला गेले तेव्हा मोटारराव दंडवते. नांदेडच्या मोबाईल प्रदर्शनात, बक्षिसाच्या कुपनावर, मोटारराव नांदेडकर.

"म्हंजे नंबर विकला त्या प्रदर्शनवाल्यांनी! सापडले, विमल! रंगेहाथ सापडले!"

"म्हंजे माझ्या कोथिंबिरीत पाणी तुम्ही सोडलाव."

आप्पांनी एकदा वाफ्यांकडं पाहिलं. "दोन गोष्टी केल्या. स्टार्टर सगळ्यांना खुला केला, आणि नंबर मोटारीचा दिला," ते म्हणाले. "दोन्ही हुशारीच्याच होत्या. एकत्र आल्या तिथं वाट लागली." मग रामलिंगकडं वळून त्यांनी कान पकडला. तेवढीच माफी, पण रामलिंगला ती पुरली.

तिघांनी मिळून वाफ्यांच्या टोकाला चर मारले आणि पाणी ओढ्याकडं काढून दिलं. कडेची एक ओळ गेली. बाकीची कोथिंबीर ताठ उभी होती.

स्टार्टर हिरीत गेला नाही. त्याला नवं सिम आलं आणि ठरलेल्या नंबरांशिवाय कुणालाही दाद द्यायची नाही, असं त्याला सांगून झालं. नंबर कुणाचे, ते विमलनं ठरवलं. पहिला तिचा. दुसरा रामलिंगचा, कारण पाणी चढलं तर पहिल्यांदा त्यालाच दिसणार.

"आणि माझा?"

"येळवस झाल्यावर बघू."

येळवसेच्या आदल्या दिवशी सकाळी आप्पा नागप्पाच्या हॉटेलात आले ते फोन उंच धरूनच. "बघा!" म्हणत त्यांनी सगळ्यांसमोर मोटारीला रिंग दिली. एकदा वाजली आणि तुटली. पुन्हा दिली. पुन्हा तुटली.

"मालकाला ओळखलं न्हाई! पैसे मी भरलेत, बसवली मी, आणि मला दारात उभं करीना! याला म्हणतेत यंत्र!"

"लई छान," नागप्पा कपबशा मांडत म्हणाला. "पण आप्पा, आज तुमच्या गव्हाला पाणी कोण देणार?"

आप्पांनी विमलला फोन लावला. तिनंही उचलला नाही. टेम्पो रस्त्यावर येऊन थांबला होता आणि तिच्या दोन्ही हातांत जुड्या होत्या.