सिस्टरसमोर घ्यायच्या गोळ्या

"थुंकीत जंतू सापडलेत," हरसूलच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा माझी बायको शोभा माझ्याकडे नाही, सोबत आलेल्या आमच्या गावच्या सिस्टरकडे पाहत होती. मला ते खटकलं.

ही २००२ सालची गोष्ट. टीबी, म्हणजे फुफ्फुसांचा क्षय. उपचार डॉट्सचे, म्हणजे दिवसाआड गावच्या आरोग्य उपकेंद्रात जाऊन सिस्टरसमोरच गोळ्या गिळायच्या.

मी गावातल्या शाळेत शिक्षक. शोभाला घेऊन जायचो आणि बाहेर बाकावर बसायचो. आतून दोघींचं हसणं ऐकू यायचं. घरी मात्र शोभा गप्प. विचारलं तर म्हणे, "काही नाही हो, बायकांचं बोलणं."

जी बाई माझ्या बायकोला बरं करत होती, तिचाच मला मत्सर वाटू लागला. लिहितानाही लाज वाटते.

महिन्याभराने मी सिस्टरना खोटं सांगितलं, की पंधरा दिवस नाशिकला बहिणीकडे जातोय, गोळ्या सोबत द्या.

"तिथल्या दवाखान्याला चिठ्ठी देते, गुरुजी."

"माझ्यावर विश्वास नाही का?"

त्यांनी नाइलाजाने दिल्या.

घरी मी पाण्याचा पेला घेऊन समोर उभा राहायचो. शोभा गोळ्या तोंडात टाकायची. तरी आठवड्यात ताप परतला, खोकला वाढला. मी उन्हाला दोष दिला.

दहाव्या दिवशी सिस्टर घरभेटीला निघालेल्या, आम्ही ओट्यावर दिसलो.

"नाशिक लय जवळ आलं म्हणायचं, गुरुजी."

त्यांनी शोभाला विचारलं, "वहिनी, लघवी नारिंगी होते ना?" रिफाम्पिसिन हे औषध पोटात गेलं की तसा रंग येतो. मला ते ठाऊकच नव्हतं.

शोभा रडू लागली. गोळ्या गालात धरून ती मोरीत थुंकत होती.

"मळमळतं हो. सिस्टर जवळ बसून बोलत राहतात, उलटी विसरायला होतं. ह्यांच्यासमोर ओकले तर ह्यांना किळस येईल."

डॉक्टर मला म्हणाले, "असेच डोस चुकत राहिले असते, तर औषधच लागू पडलं नसतं."

दुसऱ्या दिवसापासून पुन्हा उपकेंद्र. उपचार लांबले, माझ्यामुळे.

तुमच्या घरी असं दुखणं आलं, तर रुग्णाचा जीव ज्याच्यापाशी मोकळा होतो, त्याच्या आड येऊ नका.

शेवटच्या तपासणीत जंतू नव्हते. शोभा आधी सिस्टरच्या गळ्यात पडली. मत्सर तेव्हाही वाटला, खोटं कशाला सांगू? पण त्या दोघींचं बोलणं संपेपर्यंत मी बाकावरून उठलो नाही.